काळीं-पांढरीं वनस्पतिचित्रें व शेतकऱ्याची दृष्टि

जो मनुष्य दिवसाचे दहा तास पिकांत वावरतो त्यास पीक कसें पाहावें हें सांगावयास निघणें म्हणजे धाडसच होय. प्रस्तुत लेखकाच्या बाबतींत तर तें अधिकच मोठें धाडस आहे. कारण त्याचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असून पिकांशीं त्याचा जो परिचय झाला तो बहुतेक कागदाच्या द्वारेंच झाला. तथापि नोकरींतून मोकळा झाल्यावर एका अगदीं निराळ्या वाटेनें एक गोष्ट ध्यानांत आली. ती आपल्या मंडळाच्या सभासदांच्या कामीं पडेल अशा विश्वासानें येथें मांडीत आहें. विषय आहे वनस्पतींच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांचा. 'हें शहरी लोकांचें वेड आपणांस काय करावयाचें?' असें ज्या वाचकांस वाटेल त्यांनीं एवढा पहिला प्रसंग तरी वाचावा अशी विनंति आहे.

एक प्रसंग

सन २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत महाराष्ट्रांत अवकाळी पाऊस झाला व तो नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत चालला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. आपल्या वाशीम जिल्ह्यांत त्या वेळीं सोयाबीनची सोंगणी होऊन शेतोशेतीं सुड्या लागल्या होत्या. कोठें कोठें पीक अद्याप उभें होतें. शेंगा भिजल्या, फुगल्या, आणि पुष्कळ ठिकाणीं शेंगेंतच दाण्यांस कोंब फुटले. पंचनामे सुरू झाले. मी तेव्हां एका कचेरींत नुकसानीच्या अर्जांच्या मेजावर होतों.

एके दिवशीं एक वयस्क शेतकरी अर्ज घेऊन आले. अर्जास त्यांनीं मोबाईलवर काढलेलें रंगीत छायाचित्र जोडलें होतें. त्यांत धुऱ्यावरून दिसणारें शेत होतें, मधोमध ते स्वतः उभे होते, मागें निंबाचें झाड होतें आणि वर अर्धें आभाळ होतें. शेत ओलें, हिरवें-पिवळें, एकंदरींत सुखी दिसत होतें. मीं विचारलें, "काका, यांत नुकसान कोठें आहे?" त्यांनीं उपरण्याची गांठ सोडली व मूठभर शेंगा माझ्या मेजावर ठेवल्या. "फोटोत दिसत नाही जी, म्हनून शेंगाच घिऊन आलो," ते म्हणाले.

शेंगा काळवंडल्या होत्या. प्रत्येकीची शिवण उसवली होती आणि त्या फटींतून पांढुरका कोंब मान वांकवून बाहेर आला होता. मीं त्या पाहिल्या, आणि तरी पाहिल्या नाहींत. कारण माझें लक्ष कागदाकडे होतें. "शेंग फाईलीस जोडतां येत नाहीं," असें म्हणून मीं अर्जावर शेरा लिहिला : 'छायाचित्रावरून नुकसानीचा बोध होत नाहीं.' शेरा अक्षरशः खरा होता. अर्ज फेरपाहणीस गेला. फेरपाहणी होईपर्यंत त्यांनीं हरभऱ्यासाठीं रान मोकळें केलें होतें. पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. त्या अर्जावर त्यांच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं. कचेरीचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. चूक माझ्या दृष्टीची होती, व ती मला कळावयास पुढें कांहीं वर्षें जावीं लागलीं.

एका पुस्तकाची भेट

माझी धाकटी मुलगी चित्रकला शिकते. एका सुटींत तिनें एक मोठें पुस्तक घरीं आणलें. सहज पान उघडलें तों मी चपापलों. करड्या पार्श्वभूमीवर, पानभर मोठे, माना वांकविलेले कोंब उभे होते. मला ते सोयाबीनचेच वाटले. वस्तुतः तीं नेच्याचीं अद्याप न उलगडलेलीं कोवळीं पानें होतीं. रंग नव्हता, माती नव्हती, आभाळ नव्हतें. केवळ आकृति होती. ती इतकी स्पष्ट होती कीं देठावरचा एकेक केंस मोजतां यावा. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती उपरण्याची गांठ पुन्हां सुटली.

पुस्तक कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन गृहस्थांच्या छायाचित्रांचें होतें. ब्लॉसफेल्ट यांचा जन्म १८६५ सालीं जर्मनींतील हार्ट्झ डोंगराच्या मुलखांत शीलो या गांवीं झाला. तरुणपणींच ते एका लोखंडाच्या ओतशाळेंत उमेदवारीस लागले व नक्षीचे नमुने घडवावयास शिकले. लोखंडी जाळ्यांवर व कठड्यांवर जी नक्षी असते तींत पानें व वेली पुष्कळ असतात. पुढें ते बर्लिन येथें कलाशिक्षण घेऊन मोरिट्झ मॉयरर या अध्यापकांबरोबर इटलींत गेले व तेथें वनस्पतींचे नमुने गोळा करण्याचें काम त्यांनीं केलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत त्यांनीं बर्लिनच्या कलाशाळेंत एकच विषय शिकविला. तो म्हणजे जिवंत वनस्पतींवरून नक्षीचे नमुने घडविणें.

छायाचित्रांकडे ते वळले ते व्यवहाराच्या गरजेनें. विद्यार्थ्यांपुढें ताजें रोप ठेवावें तर तें थोड्याच वेळांत मलूल होतें. आणि देठाच्या ज्या वळणाविषयीं सांगावयाचें तें तर बोटाच्या पेराएवढेंही नसतें. तेव्हां वर्गांत दाखविण्यासाठीं त्यांनीं वनस्पतींचीं चित्रें घेण्यास आरंभ केला. छायाचित्रणाचें रीतसर शिक्षण त्यांस नव्हतें. त्यांनीं आपला कॅमेरा स्वतःच जुळविला, कांचेच्या पट्ट्यांवर चित्रें घेतलीं, आणि कांहीं रूपें तीस पटींपर्यंत मोठीं करून दाखविलीं. तीस-पस्तीस वर्षांत अशीं सुमारें ६,००० चित्रें झालीं, असें सांगतात. इतकीं वर्षें तीं शाळेच्या भिंतींबाहेर फारशीं कोणास ठाऊक नव्हतीं. १९२६ सालीं बर्लिनमध्यें त्यांचें प्रदर्शन झालें, व १९२८ सालीं १२० चित्रांचें पुस्तक निघालें. त्याच्या जर्मन नांवाचा अर्थ 'कलेचीं मूळ रूपें' असा आहे. त्या वेळीं ब्लॉसफेल्ट यांचें वय ६३ वर्षांचें होतें. एका वृद्ध शिक्षकाचें हें काम त्या काळच्या नव्या विचाराच्या कलावंतांनीं डोक्यावर घेतलें. १९३२ सालीं दुसरें पुस्तक प्रसिद्ध झालें व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांचा अंत झाला.

शेतकरी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, या गृहस्थांनीं गुलाबाच्या वाफ्यांकडे फारसें पाहिलें नाहीं. रस्त्याच्या व लोहमार्गाच्या कडेचीं रोपें, आपण ज्यांस तण म्हणतों तीं, त्यांनीं हौसेनें गोळा केलीं. त्यांच्या पुस्तकांत भोपळ्याचे तणावे आहेत. ते पाहतांना लोहारानें तापवून वळविलेल्या गजांचा भास होतो. लहानपणीं ओतशाळेंत जे आकार त्यांनीं घडविले ते मुळांत कोठून आले हें त्यांस या तणाव्यांत सांपडलें असावें, असें मला वाटतें. कलौंजीच्या कुळांतील एका रोपाचें बोंड आहे. तें एखाद्या देवळाच्या कळसासारखें दिसतें. पेटारीच्या जातीच्या झाडाचीं फळें आहेत. पेटारी आपल्या धुऱ्यांवर आपोआप उगवते, व तिच्या चक्राकार फळामुळें तिला 'मुद्रा' असेंही म्हणतात. मीं कचेरींत सारी हयात शिक्के मारण्यांत घालविली. परंतु धुऱ्यावरचा हा शिक्का निवृत्तीनंतर प्रथम हातांत घेऊन पाहिला.

रंग कां नको?

येथें कोणी विचारील कीं, निसर्गानें रंग दिला असतां तो काढून टाकण्यांत शहाणपण कोणतें? ब्लॉसफेल्ट यांच्या काळीं रंगीत छायाचित्रण सुलभ नव्हतें, हें एक उत्तर आहे. परंतु तें पुरेसें नाहीं. रंगीत चित्रें सर्वत्र झाल्यावरही अनेक जाणत्यांनीं काळें-पांढरेंच पसंत केलें. त्याचें कारण आपल्या डोळ्याच्या संवयींत आहे.

शेताकडे नजर गेली कीं डोळा प्रथम रंग घेतो व लगेच निकाल देतो. हिरवें दिसलें कीं बरें, पिवळें दिसलें कीं वाईट. जुन्या काळची आणेवारी व आजची नजरअंदाज पैसेवारी, दोहोंचा पाया ही पहिली नजरच आहे. ती घाईच्या कामास उपयोगी पडते. परंतु एकदां निकाल दिल्यावर डोळा पुढें पाहत नाहीं. रंग काढून घेतला कीं ही घाई चालत नाहीं. चित्रांत उरतो तो केवळ उजेड आणि सांवली. मग डोळ्यास कडेकडेनें चालावें लागतें : देठ कोठें जाड होतो, पान कोणत्या कोनांतून निघतें, लव कोणत्या दिशेस झुकते, शेंगेची शिवण कोठवर मिटली आहे. अशा रीतीनें पाहिलेली वस्तु विसरत नाहीं.

ब्लॉसफेल्ट यांची रीत यास पोषक होती. मागें कोरा पांढरा, करडा किंवा काळा पुठ्ठा. उजेड सौम्य व सारखा. आणि रोप अगदीं समोर, डोळ्याच्या उंचीवर. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. आकार उठून दिसावा म्हणून ते रोपाचीं जास्तीचीं पानें छाटीत, नमुने निवडून घेत, व कांचेवरही हात फिरवीत. शिकविण्याच्या दृष्टीनें हा गुण आहे. पंचनाम्याच्या दृष्टीनें हा दोष होईल. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

घरांत राहून केलेलें काम

त्याच सुमारास अमेरिकेंतही हेंच वारें वाहत होतें. इमोजेन कनिंगहॅम (जन्म १८८३) ही बाई व्यवसायानें छायाचित्रकार होती. परंतु तीन लहान मुलगे पदरीं असल्यामुळें १९२० नंतरचीं कांहीं वर्षें तिला घराबाहेर फारसें पडतां येत नसे. तिनें तक्रार करीत न बसतां घराच्या बागेंतलीं झाडें समोर घेतलीं. १९२५ च्या सुमारास तिनें मॅग्नोलियाच्या, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळांतल्या एका मोठ्या फुलाचें जें चित्र घेतलें तें आज जगभर प्रसिद्ध आहे. फूल चित्राच्या चौकटींत मावत नाहीं इतकें जवळून घेतलें असून आंतले केसर कणसाप्रमाणें रचलेले दिसतात. १९२९ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें जें मोठें प्रदर्शन भरलें त्यांत तिचीं वनस्पतिचित्रें होतीं.

दुसरे एडवर्ड वेस्टन. यांनीं तर बाजारच्या भाजीलाच मान दिला. १९३० सालीं त्यांनीं एका वेड्यावांकड्या ढोबळ्या मिरचीचीं पुष्कळ चित्रें घेतलीं. मनासारखा उजेड मिळेना, तेव्हां मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवून पाहिली. नरसाळ्याच्या आंतून परतलेला उजेड तिच्या सर्व अंगावर पसरला व 'मिरची क्रमांक ३०' हें चित्र साधलें. पाहणाऱ्यास तीं पैलवानाच्या पाठीचीं वळणें वाटतात. १९३१ सालच्या त्यांच्या कोबीच्या पानाच्या चित्रांत शिरा अशा पडल्या आहेत कीं लुगड्याच्या निऱ्याच जणूं. जी मिरची व जी कोबी आपण पाटीनें तोलून टाकतों तिच्यांत ही संपत्ति होती. त्यासाठीं वेस्टन यांस स्वयंपाकघरांतल्या नरसाळ्यापलीकडे कांहीं लागलें नाहीं.

आपल्या भूमीचें स्मरण

हें सारें परदेशांतलें झालें. परंतु फुलापानांच्या आकारांत कलेचें मूळ आहे, हा विचार वाशीमकरांस परका वाटण्याचें कारण नाहीं. आपलें वाशीम तेंच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच उजेडांत आला. याच शाखेंतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, असें तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्यास जाणारे लोक भिंतींवरील माणसांचीं चित्रें पाहून परततात. पण मान वर करून छतें पाहावीं. तेथें चौकोनाचौकोनांतून कमळें आहेत, कळ्या आहेत, वेली व फळें आहेत. त्या चिताऱ्यांनीं कमळाचा देठ वांकतो तेव्हां कोठें ताणला जातो हें तळ्याच्या कांठीं बसून पाहिल्यावांचून हें हातास येणें नाहीं.

१८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी प्रभृति विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, व १८९६-९७ मध्यें त्या दोन थोर ग्रंथांतून प्रसिद्ध झाल्या. त्यांत छतांवरील फुलापानांच्या चौकटीही आहेत. छायाचित्रणाची कलाही आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९३७ सालीं ब्लॅटर व मिलार्ड यांचें भारतीय वृक्षांवरील जें पुस्तक काढलें त्यांत रंगीत चित्रांबरोबर काळीं-पांढरीं छायाचित्रेंही आहेत. तीं झाड ओळखण्यासाठीं आहेत. ब्लॉसफेल्ट यांचीं झाड न्याहाळण्यासाठीं आहेत. शेतकऱ्यास दोन्हींची गरज आहे.

या रीतीच्या मर्यादा

नव्या गोष्टीची स्तुति करतांना तिचे दोष झांकणें बरें नव्हे. काळें-पांढरें चित्र रंगाचा रोग दाखवूं शकत नाहीं. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक, कपाशीवरील लाल्या, पानांवरील तांबेरा हे रंगावरूनच ओळखले जातात. त्यांचें चित्र रंगीतच पाहिजे. लाल मिरची व तिचें हिरवें पान काळ्या-पांढऱ्या चित्रांत कधीं कधीं एकाच करड्या छटेचीं दिसतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

याच्या उलट ज्या खुणा आकाराच्या आहेत त्या या रीतीनें फार चांगल्या उमटतात. गुलाबी बोंडअळी लागलेलें कपाशीचें फूल उमलत नाहीं, पाकळ्या पिळवटून मिटलेल्या राहतात. तिलाच आपण डोमकळी म्हणतों. तुरीच्या शेंगेवर अळीनें पाडलेलें वाटोळें छिद्र, मर लागलेल्या तुरीचें खोड उभें चिरल्यावर आंत दिसणाऱ्या काळसर रेषा, गारपिटीनें फाटलेलें पान, आणि ज्यापासून हा लेख निघाला तो शेंगेंतला कोंब, या सर्वांस रंगाची गरज नाहीं. त्यांस जवळ जाण्याची गरज आहे.

२०२१ सालापासून ई-पीक पाहणीच्या योजनेनें शेतकरी आपल्या मोबाईलवरून पिकाची नोंद करूं लागले व पिकाचें छायाचित्र देऊं लागले. जें काम आम्ही कारकून व तलाठी मंडळी करीत होतों त्यांतला कांहीं भाग अशा रीतीनें शेतकऱ्याच्या हातीं आला. त्या नोंदीसाठीं जसें चित्र मागितलें जातें तसेंच द्यावें. त्यांत आपली कला मिसळूं नये. परंतु स्वतःच्या दप्तरासाठीं त्याच दिवशीं आणखी दोन चित्रें घ्यावीं : एक संपूर्ण शेताचें, दुसरें एकाच रोपाचें, अगदीं जवळून. दूरच्या चित्रावरून शेत कोणाचें व केवढें हें कळतें. जवळच्या चित्रावरून त्याचें काय झालें हें कळतें. २०१९ सालच्या त्या अर्जास दूरचें चित्र होतें, जवळचें नव्हतें.

प्रत्यक्ष कृति

स्वतः करून पाहिलेली रीत पुढें देत आहें. यास मोबाईलपलीकडे खर्च नाहीं.

१. पार्श्वभूमि : मुलांची दगडी पाटी स्वच्छ पुसून वाळवून घ्यावी. फिकट वस्तूसाठीं पाटी उत्तम. काळवंडलेल्या वस्तूसाठीं धुतलेलें पांढरें उपरणें सुरकुती न ठेवतां पसरावें.

२. उजेड : भर दुपारचें ऊन टाळावें, त्यानें सांवल्या काळ्याकुट्ट पडतात व उजळ भाग जळल्यासारखे दिसतात. सकाळीं आठ ते दहाच्या दरम्यान ओसरीच्या कडेस, उन्हांत न येतां, उजेड एका बाजूनें येईल असें बसावें. दुसऱ्या बाजूस पांढरा कागद उभा धरला कीं सांवली मऊ होते.

३. स्थिरता : हात हलला कीं सर्व श्रम वायां. मोबाईल उपड्या पायलीवर किंवा विटांच्या थप्पीवर टेकवावा, व आपोआप चित्र घेण्यासाठीं तीन सेकंदांची मुदत लावावी.

४. मोठें करणें : घड्याळवाल्याकडे असतें तसें दहापटीचें भिंग मोबाईलच्या भिंगासमोर चिकटून धरावें. वस्तु सुमारें एक इंच अंतरावर येईल. पुढेंमागें करून जेथें लव स्पष्ट दिसेल तेथें थांबावें.

५. रंग काढणें : चित्र रंगीतच घ्यावें व मूळ चित्र जपून ठेवावें. मग त्याची प्रत करून मोबाईलमधील काळ्या-पांढऱ्या पर्यायानें रंग काढावा. असें केल्यानें दोन्ही पुरावे हातीं राहतात.

६. नोंद : नुकसानीचें चित्र असेल तर शेजारीं एक रुपयाचें नाणें व कागदाच्या चिठीवर तारीख, गट क्रमांक व वाण लिहून ठेवावें. अशा चित्रांत एकही पान छाटूं नये, शेंग निवडून निवडून मांडूं नये. ब्लॉसफेल्ट यांची छाटणी वर्गासाठीं होती. आपणांस जें आहे तें दाखवावयाचें आहे.

कोणत्या वस्तूपासून आरंभ करावा, असें कोणी विचारील. खरिपांत काकडी-कारल्याचा तणावा घ्यावा. तो अर्ध्या वाटेवर आपला पीळ उलटवितो, हें पुष्कळांनीं पाहिलेलें नसतें. फुटतें बोंड घ्यावें. पाकळीपाकळीनें उघडलेली वाळकी टरफलें व त्यांतून सुटणारा कापूस पाटीवर फार शोभतो. सोयाबीनच्या हिरव्या शेंगेवरची लव, हरभऱ्याचा फुगीर घाटा, गोखरूचें कांटेरी फळ, कुसळाचें टोंकदार बीं, रुईचें फुटलेलें फळ व त्यांतील रेशमी म्हातारी, हें सर्व पुढील आठ महिन्यांत फुकट मिळतें. घरच्या लेंकरांस भिंग देऊन बसवावें. त्यांस शाळेच्या पुस्तकांतून जें समजलें नसेल तें या बैठकींत समजेल.

उपसंहार

गेल्या हंगामांत मीं घरच्या सहा एकरांतल्या सोयाबीनच्या कांहीं पक्व शेंगा ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवल्या. चार-पांच दिवसांनीं त्यांस कोंब आले. एक शेंग पाटीवर ठेवली, नाणें ठेवलें, चिठी लिहिली व वर सांगितलेल्या रीतीनें चित्र घेतलें. सर्व मिळून पाव तासही लागला नाहीं. रंग काढलेलें चित्र मीं कांहीं न सांगतां घरांत दाखविलें. माझी पत्नी शेतकऱ्याची मुलगी आहे. तिनें चित्र हातांत घेतलें आणि म्हणाली, "कोणाचं सोयाबीन गेलं हे?"

हाच प्रश्न मीं २०१९ सालीं त्या गृहस्थांस विचारावयास हवा होता. तसें चित्र तेव्हां अर्जास जोडलेलें असतें तर तो शेरा लिहिण्यास माझी लेखणी उचलली नसती. परंतु चित्र काढणें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें, आणि पाहणें मला कोणी शिकविलें नव्हतें. त्यांतली पहिली उणीव भरून काढणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. मंडळाच्या सभासदांनीं येत्या हंगामांत आपापल्या गांवीं अशीं चित्रें काढून दप्तरांत लावावीं व मंडळाच्या बैठकीस येतांना सोबत आणावीं. दहा गांवांचीं चित्रें एका ठिकाणीं आलीं तर कोणत्या आठवड्यांत कोठें काय झालें याचा दाखला मंडळापाशीं राहील, व एखाद्या वर्षीं तो कोणाच्या तरी अर्जास जोडतां येईल.